आडवी सरकलेली गाडी

खुशाल हसा. ऐकणाऱ्या कुणाचाच यावर विश्वास बसत नाही, तुमचाही बसणार नाही. पण आपल्या गल्लीतल्या नर्सबाईंनी एकदा चारचाकी गाडी आडवी चालवली होती. पुढे नाही, मागे नाही, आडवी. खेकड्यासारखी.

त्या दिवसांत बाईंच्या जिवाला थारा नव्हता. दवाखान्यात नवं काम निघालं होतं: गाडी घेऊन घरोघर जायचं आणि बाळंतिणींना तपासायचं. काम दिवसाचं. वॉर्डातल्या रात्रपाळ्यांपायी लेकीशी धड बोलणंही होत नव्हतं, म्हणून बाईंचा सगळा जीव त्या कामात अडकलेला. पण लायसन्स नाही तर काम नाही. आणि बाई दोनदा नापास झालेल्या. मेट्रननं बजावलं होतं, "या सोमवारी पास व्हा, नाहीतर मी दुसरीचं नाव पाठवते. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

अडलं होतं एकाच ठिकाणी. दोन खांबांच्या मध्ये, फुटपाथला लागून, गाडी रिव्हर्समध्ये लावायची. बाकी सगळं झकास! पण रिव्हर्स पडला की बाईंचं डोकं वॉर्डात जायचं. इतकी वर्षं दोन खाटांच्या फटीत ट्रॉली घातलेली. ट्रॉलीची चारही चाकं फिरतात. कमरेनं जरा ढकललं की ती मुकाट्यानं बाजूला सरकते. बाईंची गाडीकडूनही तेवढीच अपेक्षा. स्टिअरिंग एकदा वळवायचं आणि गाडी सरकायची वाट बघत बसायचं. गाडी तिरकी जायची ती थेट मागच्या खांबावर.

शिकवायला सासरे. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, आणि तोंड ट्रकच्या हॉर्नपेक्षा मोठं.

"अगं, शेपूट आत गेलं की स्टिअरिंग उलटं फिरव! मग तोंड आपोआप आत येतं."

"फिरवते हो मामंजी, पण आधी ती जरा सरकू दे की!"

"सरकायला ती काय साबणाची वडी आहे?"

घरात बाईंना बसवेना. दाराशी चपला दिसल्या की दोन जोड्यांच्या मध्ये तिसरा जोड उलटा घालून बघायच्या. सासरे पेपर वाचत बसलेले असले तर त्यांना खुर्चीसकट ओढून कपाट आणि टेबलाच्या मध्ये लावायच्या. मांजरानं तर इतकी धास्ती घेतली, की दोन्ही खांद्यांवरून मागे बघितल्याशिवाय ते खाली टेकेना. नवऱ्यानं कूस बदलली, तर बाई झोपेतच ओरडल्या, "आधी आरसा बघा!"

सोमवार उजाडला. परीक्षक म्हणजे हसणं घरी कुलपात ठेवून आलेला माणूस. शेजारच्या सीटवर बसला आणि म्हणाला, "खांब हलला, तर मी इथेच उतरणार." बाईंनी आरसा दोनदा पुसला. क्लचवरचा पाय असा थरथरत होता, की त्या पायापायी आरसासुद्धा हलत होता. सासरे कुंपणाबाहेर उभे.

गाडी पुढच्या खांबाशेजारी थांबली. रिव्हर्स पडला. स्टिअरिंग वळलं, शेपूट आत शिरलं... आणि बाई पुन्हा गाडी सरकायची वाट बघू लागल्या! मागचा खांब हातभर राहिला. वीतभर राहिला. परीक्षकानं दाराच्या कडीला हात घातला.

तेवढ्यात कुंपणाबाहेरून सासऱ्यांनी तोंडात दोन बोटं घालून ट्रकवाल्यांची ती खास शिट्टी मारली. झालं! गाडीची मागची चाकं गर्रकन वळली, चारही चाकांची तोंडं फुटपाथकडे झाली, आणि गाडी टेबलाच्या खणासारखी अलगद आडवी आत गेली. परीक्षक खाली उतरला, टोपी काढून सासऱ्यांना म्हणाला, "काका, आता पास कुणाला करू? सुनेला की शिट्टीला?"

"मामंजी!"

मी एवढं सांगतोय तोच माझ्या मागून आवाज आला. दारात नर्सबाई स्वतः उभ्या, बोटात गाडीच्या किल्ल्या, कडेवर लेक.

"मागची चाकं कधी वळतात का हो? खांब वीतभर राहिला तेव्हा मी थांबले, श्वास घेतला आणि स्टिअरिंग उलटं फिरवलं. मी, माझ्या हातांनी! आणि शिट्टी कुठल्या बोटांनी मारलीत? मला आरशात सगळं दिसत होतं. गाडीकडे पाठ आणि दोन्ही कानांत बोटं घालून उभे होतात तुम्ही!"