विजेच्या पट्ट्यावरचा कोट

मी एक जुना निळा लोकरी कोट आहे. मित्रांनो, माझ्या कॉलरवर रक्त सांडलेले आहे आणि ते पुरते निघालेले नाही. मी ते लपवत नाही.

अमेरिकेतल्या एरी सरोवराकाठच्या एका कारखान्यात मला शिवले. हॅरिएट मलोनच्या आईने मला लायलसाठी, म्हणजे हॅरिएटच्या थोरल्या भावासाठी घेतले. पोलिसांनी कोठडीत लायलला बदडून बदडून खुनाची कबुली घेतली होती. खटल्यात त्याने मला घालावे म्हणून आई तुरुंगाच्या दाराशी गेली, पण पहारेकऱ्यांनी मला आत जाऊ दिले नाही. लायल तुरुंगाच्या केशरी कपड्यांतच ज्यूरीपुढे, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांपुढे बसला. जन्मठेप झाली, आणि आतच कोणीतरी त्याचा गळा चिरला.

हॅरिएट तेव्हा शाळेत होती. पुढे ती वकील झाली, तीही आरोपींची. ज्यांच्याजवळ धड कपडे नाहीत त्यांना खटल्यात घालायला तिने कचेरीत कपड्यांचे एक कपाट ठेवले, आणि त्यात पहिला मी टांगला गेलो.

माझे दिवस सुखाचे नव्हते. फुटक्या बाटलीने शेजाऱ्याचा डोळा काढणारा माणूस माझ्यात बसला. बायकोचा जबडा मोडणाराही बसला, आणि त्याची मला मनापासून किळस आली. एकदा, खून झालेल्या एका माणसाच्या भावाने न्यायालयाच्या पायऱ्यांवर आरोपीच्या अंगावरच माझी बाही खांद्यापासून उपटली. हॅरिएटने मला लाँड्रीत नेले, तेव्हा लाँड्रीवाली म्हणाली, "असल्या लांडग्यांची वकिली करतेस, झोप तरी लागते का गं तुला?"

"तुझ्या पोराला पकडून नेतील ना, तेव्हा हे विचार," हॅरिएट म्हणाली. "बाही नीट शिव."

मग ड्वेन पिकेट आला. हा गोदीतला हमाल. त्याचा मेहुणा रसेल स्वयंपाकघरात ड्वेनच्या बहिणीला, शर्लीनला, लोखंडी पान्याने मारत होता. ड्वेन मध्ये पडला. रसेलने त्याच्यावर पाना उगारला, ड्वेनने तो हिसकावला आणि रसेलची कवटी फोडली. सरकारी वकील म्हणत होते, रसेलने हात उचललाच नव्हता, हा सरळ खून आहे. ज्यूरीने ते मानले असते तर ड्वेन तुरुंगातच म्हातारा होऊन मेला असता.

"मॅडम, बगलेत काचतोय हा," मला चढवताना ड्वेन कुरकुरला.

"काचू दे. केशरी कपडे दिसले की ज्यूरी निकाल ठरवूनच बसते."

पण माझ्याखाली, त्याच्या कमरेला, विजेचा पट्टा होता; आरोपीने दंगा केला तर दुरून बटण दाबून शॉक देण्यासाठी तो बांधतात. तो ज्यूरीला दिसू नये, हेही माझेच काम. पट्ट्याचे बटण गस नावाच्या पहारेकऱ्याच्या हातात होते. त्याने ड्वेनला बजावले होते, "हात छातीच्या वर गेला की दाबलंच समज."

हॅरिएटने साक्षीची तालीम तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत कितीदा तरी घेतली होती. तिथे पट्टा नसे. इथेच घात झाला.

"रसेलने पाना कसा उगारला, दाखव," तिने भर न्यायालयात विचारले.

ड्वेनने सवयीने हात डोक्यावर नेला आणि गसने बटण दाबले.

मित्रांनो, ती वीज माझ्या अस्तरातून गेली. ड्वेन गुरासारखा ओरडला, कठड्यावर आदळला, जमिनीवर तडफडू लागला. त्याची जीभ दाताखाली फाटली आणि रक्त माझ्या कॉलरवर आले. ज्यूरीतली एक बाई किंचाळून मागे सरली. सगळ्यांना वाटले, जनावर पिसाळले!

"ज्यूरीला बाहेर न्या!" न्यायाधीश गरजले.

ज्यूरी अजून दारापर्यंतही पोचली नव्हती, तोच हॅरिएट धावत येऊन त्याच्याजवळ बसली. "ड्वेन, दाखवू का यांना? नाहीतर हा खटला रद्द करायला लावते, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून."

रक्ताने भरलेल्या तोंडाने तो म्हणाला, "दाखवा."

तिने माझी बटणे तटातट तोडली आणि मला दोन्ही बाजूंनी उघडले. "बघा! हा वेडा नाही. याला शॉक दिलाय!"

"मिस मलोन, आवरा! तुम्हाला आत टाकीन!"

"खुशाल टाका!"

त्यांनी तिला खरेच आत टाकले, पण एकाच दिवसासाठी. खटला मात्र पुढे चालू राहिला, आणि ड्वेनचे म्हणणे पटून ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. गसने पट्टा काढून घेतला होता. शर्लीन रडत धावत आली आणि भावाच्या गळ्यात पडली. ड्वेनचे हात मात्र मांड्यांना चिकटलेलेच राहिले. बहिणीच्या खांद्यावरून गसकडे बघत त्याने हळूच विचारले,

"साहेब, हात वर करू का?"

गस खाली बघत पट्टा गुंडाळू लागला. शेवटी शर्लीननेच त्याचे हात धरून आपल्या पाठीवर ठेवले.

मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका. बटणे पुन्हा लावली आहेत, अजून कोणाच्या तरी उपयोगी पडेन. पण उद्या तुम्ही कोणाचा न्याय करायला बसलात आणि समोरचा माणूस अचानक ओरडला, तर आधी त्याला विचारा, बाबा रे, कुठे दुखतंय?