वाकलेली चौकट

खालच्या पापणीला अडकलेला औषधाचा थेंब... पडतही नाही, आत जातही नाही, आणि त्यात तपासणीच्या खोलीची खिडकी उलटी, एवढीशी. डॉक्टर असलेली भाची त्याच्याकडे पाहत राहिली. डोळा आत्याचा होता.

आत्याचं सतत काहीतरी दुखायचं. ती आली की घरात कुणीतरी हळूच म्हणायचं, आज गुडघा की पित्त? त्यामुळे आत्या खुर्चीत टेकण्याआधीच निदान होऊन गेलं होतं – कोरडेपणा. थेंब द्यायचे, चहा पाजायचा, घरी पोचवायचं.

"अगं, या डोळ्याने दाराची चौकट मधोमध वाकलेली दिसते," आत्या म्हणाली. "सुतार तर चांगला होता."

चिठ्ठी लिहिणारा हात थांबला. आत्यामुळे नव्हे – मागच्या आठवड्यात एक शिंपी अगदी असंच बोलला होता, शिलाई वाकडी दिसते म्हणून, आणि त्याच्या डोळ्यात, मागच्या पडद्याखाली, रक्त साचलेलं आढळलं होतं.

तिने बाहुली मोठी करणारं औषध घातलं, दिवे मालवले, वाट पाहिली आणि भिंगातून आत उतरली. नारिंगी, संथ, तळ नसल्यासारखं काहीतरी. त्यात तरंगत जावं तशी ती मधोमध आली, आणि तिथे एक करडी छटा... होती? की शिंप्याच्या डोळ्यातली तीच छटा नजरेला चिकटून इथवर आली होती? मघाशी न बघताच काही नाही म्हणून मोकळी झालेली मी, आता न दिसणारंही बघतेय का?

"काय दिसतंय?"

"नक्की सांगता येत नाही, आत्या. आत्ताच स्कॅन करू. दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवते. मला काय वाटतं ते त्यांना आधी सांगणार नाही."

आत्या म्हणाली, "काही निघालं नाही, तर घरी सांगू नकोस. हसतील."

स्कॅनच्या खोलीबाहेर दोघी बाकावर बसल्या. आत्याने डोळे मिटून घेतले होते. तो गुडघा, ते पित्त... कुणी कधी नीट पाहिलं होतं का? आतलं यंत्र घुमत होतं, जिन्यावरून कुणी उतरत होतं, सगळं दूरवर, पाण्याखाली चालल्यासारखं. तिने आत्याचा हात हातात घेतला. हिला काय झालंय हे आधीच ठरवून न टाकता ती आत्याशेजारी आज पहिल्यांदाच बसली होती.