महाराजांना वाकणारा सिग्नल

पहाटेच्या थंडीत बंद स्टेशनाच्या फलाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती. महाराजांनी काठी उचलली, काहीबाही पुटपुटले आणि उंच खांबावरचा सिग्नलचा हात हळूहळू खाली झुकला. लोकांनी पटापट हात जोडले.

"लोखंडाला कळतं, माणसाला कधी कळणार?" महाराज म्हणाले. एवढ्या ज्ञानी लोखंडाला गंज कसा चढला, हे कुणी विचारलं नाही.

गर्दीत उभ्या असलेल्या गावच्या शिक्षिकेचा जीव थाऱ्यावर नव्हता. गेल्या उन्हाळ्यात रेल्वेनं ही शाखा-लाईन बंद केली, तेव्हापासून स्टेशनात वाचनालय काढायचं तिनं मनावर घेतलं होतं. आता इथंच सभा भरून ठरणार होतं, वाचनालय की महाराजांचा मठ. लोकांचा कल उघड दिसत होता.

शेजारी तिचे वडील उभे होते. तीस वर्षं त्यांनी फलाटाच्या टोकाच्या केबिनमधून हाच सिग्नल चालवला. पण महिनाभर या चमत्काराचा विषय निघाला की ते उठून जायचे.

"बाबा, तो हात का पडतो, तुम्हाला ठाऊक आहे," ती हळूच म्हणाली. "आज गप्प राहिलात तर इमारत गेली."

ते चुळबुळले, मग एकदाचं सांगून टाकलं. केबिनपासून खांबापर्यंत तार जाते. उन्हानं ती लांबते, म्हणून दुपारी केबिनमधलं चाक फिरवून ताणायची आणि संध्याकाळी ढिली करायची. शेवटच्या दिवशी त्यांनी ती ताणली, पण निरोपाच्या गडबडीत ढिली करायची राहिली. आता थंडीत तार आखडते आणि हात खाली ओढते. ऊन चढलं की हात पुन्हा वर.

"तीस वर्षांत एवढी एकच चूक झाली गं," ते म्हणाले. "ती चारचौघांत कशी सांगू?"

"तुमच्या चुकीलाच लोक हात जोडताहेत, बाबा."

मग वडील गर्दीतून वाट काढत केबिनचा जिना चढले. थोड्याच वेळात सिग्नलचा हात वर गेला. महाराजांनी घाईनं काठी उचलली, पण हात काही बधेना. कुणाची तरी पापी नजर लागली, असं ते म्हणताहेत तोवर हात खाली आला, पुन्हा वर गेला. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

केबिनच्या खिडकीत वडील दिसले. कपाळावर घाम होता.

"हा चमत्कार नाही, माझी चूक आहे," ते म्हणाले. "तार ढिली करायला मी विसरलो. खोटं वाटत असेल तर वर या आणि स्वतः चाक फिरवून बघा. हात खुशाल जोडा, पण त्याआधी तार कुठून येते ते बघत जा."

जिन्यावर रांग लागली. सगळ्यात पुढे महाराजांचा चेला होता.