पाकिटावरचं तोंड

बजरंग आबांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तोंडाची काळजी लागली, आणि ती लागली तांदळापायी.

औंढ्याच्या शेतकरी गटाने यंदा आपला इंद्रायणी स्वतःच्या पाकिटात घालून विकायचं ठरवलं. पाकिटावर खऱ्या शेतकऱ्याचा हसरा फोटो हवा, असं तळेगावच्या श्रीयश फोटोग्राफरचं म्हणणं पडलं. गटात माणसं नऊ. त्यातली सात लाजली. उरले बजरंग आबा आणि हौशीराम, आणि लाज हा प्रकार या दोघांच्या वाट्याला जन्मतःच आला नव्हता. तीन आठवड्यांनी दोघांचे फोटो काढायचे आणि बाकीच्या सातांनी हात वर करून एक निवडायचा, असं ठरलं. त्या सातांत आबांची बायको नंदाबाईही होती.

हौशीराम गोरा. कुणाचंही लग्न असो, व्हिडिओवाला याच्यावर दिवा मारणारच. आबा काळेसावळे, त्यांना प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत उभं केलेलं, आणि पुढच्याचा फेटा बरोबर त्यांच्या नाकावर आलेला. एकदा, फक्त एकदाच, आबांना पुढे यायचं होतं.

त्यांची सून सारिका लोणावळ्यात मेडिकलच्या दुकानात काउंटरवर होती. कंपन्यांची माणसं नमुन्याच्या बाटल्या ठेवून जायची आणि त्या न्हाणीघराच्या फळीवर रांगेने बसायच्या. ही तोंडाची औषधं आहेत, एवढं आबांना माहीत होतं. कुठली कशाची, ते विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं. चाळीस वर्षं भातावर फवारणी केलेला माणूस. किडीचं, बुरशीचं आणि टॉनिक एकाच पंपात कालवायचं आणि एका फेरीत काम उरकायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी वाटी घेतली, चार बाटल्यांतले दहा-दहा थेंब टाकले, काडीने ढवळले आणि सकाळ-संध्याकाळ तोंडाला चोपडले.

पाचव्या दिवशी आबांचं तोंड लालभडक झालं आणि नाकाची सालं उकडलेल्या बटाट्यासारखी निघायला लागली.

"अवो, चुलीत तोंड घातलं व्हतं का?" नंदाबाईंनी विचारलं.

"ऊन लागलंय."

"कार्तिकात?"

सारिकाने काही विचारलं नाही. तिने फळीवरच्या बाटल्या उजेडात धरून पाहिल्या, मग सासऱ्यांचं नाक पाहिलं.

"आबा, किती दिस लावताय?"

"काय?"

"मला काय इचारता, नाकाला इचारा की."

आबांनी शेवटी वाटीचा सगळा कारभार कबूल केला. सारिकाने कपाळावर हात मारला, पण हसू तिला आवरत नव्हतं.

"माती न तपासता कुनी खतं वतली, तर तुमी त्याला काय म्हनता?"

"गाढव म्हनतो."

"मंग?"

आबांनी नाकावरचं एक साल हळूच उपटलं. सारिकाने एक बाटली उचलली.

"हे सॅलिसिलिक. तेलकट तोंडाचं, मुरमांचं, नाकावरच्या काळ्या ठिपक्यांचं औषध. तुमच्या तोंडावर तेलाचा टिपूस न्हाई, हे लावून हाये ते बी सुकलं. हे रेटिनॉल, सुरकुत्यांचं. ते रातचं लावायचं, वाटान्याएवढं, सुरवातीला आठवड्यातनं दोनदा. तुमी दिसातनं दोनदा लावलंत! ते व्हिटॅमिन सी डागांवर चालतं, पन सोललेल्या कातड्यावर न्हाई. चौथं त्यातल्या त्यात गरीब, पन तुमच्या वाटीत त्याचं कोन ऐकतंय? औषधं समदी चांगली वो. पन आपल्या कातडीला काय पायजे, ते आधी बघाया नको?"

"माझ्या कातडीला काय पायजे?"

"ओलावा. आयुष्यभर उनात भाजलीया ती. आता समदं बंद. हे साधं सिरॅमाइडचं क्रीम दोन टाइम, आन भायेर पडताना सनस्क्रीन."

"एवढंच? टॉनिक न्हाई?"

"न्हाई. आन ह्या सॅलिसिलिकला तोंडासाठी हात लावायचा न्हाई."

आबांनी शब्द पाळला. स्वतःच्या तोंडासाठी त्यांनी त्या बाटलीला हात लावला नाही. खिशात घालून ती पारावर नेली.

पारावर हौशीराम बसलेला होताच. गोरा खरा, पण तोंडावर असं तेल की त्यात पापड तळून निघावा, आणि नाकावर काळ्या ठिपक्यांची दाटी. तो आबांकडे निरखून बघायला लागला.

"बजरंग, तोंडाला काय लावतुयास रं? कातडं निघाया लागलंय."

"जुनं निघतंय, आतनं नवं येतंय," आबा गंभीरपणे म्हणाले. "सुनेनं आनलंय. कुनाला देत न्हाई, पन तू काय परका हायेस व्हय? रोज रातचं दोन थेंब. बोलू नको कुटं."

आता याच्याही नाकाची सालं निघणार आणि फोटोच्या दिवशी हा तोंडाला उपरणं बांधून येणार, या खुशीत आबा घरी जाऊन दोन भाकरी जास्त जेवले.

मग रोज सकाळी उठून हौशीरामाचं नाक बघायला जाणं, हे आबांचं एक कामच झालं. चौथ्या दिवशी काही नाही. आठव्या दिवशीही काही नाही. बाराव्या दिवशी तोंडावरचं तेल कमी दिसलं, आणि पंधराव्याला नाकावरचे ठिपके निम्मे गायब. वर हौशीराम स्वतः घरी आला, अर्धा डझन गावरान अंडी घेऊन.

"बजरंग, तुझं उपकार न्हाई इसरनार," असं म्हणून त्याने आबांना मिठीच मारली.

तो गेल्यावर सारिकाने सासऱ्यांकडून सगळं वदवून घेतलं आणि ती पोट धरून हसली. "आवो, हौशीराम भाऊंचं तोंड म्हंजी तेलाचा डबा! त्यांना हेच पायजे व्हतं. गावात पयल्यांदाच कुनाला बरूबर औषध मिळालं, ते बी तुमच्या हातनं!"

आबांना ती अंडी काही गोड लागली नाहीत.

फोटोच्या दिवसापर्यंत आबांचंही तोंड निवळलं होतं. लाली गेली, सालं बसली, कातडीवर मऊ ओलसर तकाकी आली. समाजमंदिरात श्रीयशने दोघांचे फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले, आणि आबांना स्वतःचा फोटो जन्मात पहिल्यांदा आवडला. हात वर झाले. आबांना तीन, हौशीरामला तीन. एकट्या नंदाबाई राहिल्या होत्या. आबा निर्धास्त झाले, त्यांनी मिशीवरून हातसुद्धा फिरवला.

"माझं मत हौशीराम भावजींना," नंदाबाई म्हणाल्या आणि पदर सावरून खाली बसल्या.

आबांना तिथेच रडू आलं असतं, पण ते त्यांनी खोकून गिळलं. घरी आल्यावर त्यांनी बायकोशी बोलणं टाकलं. भाकरी हवी तर ते सुनेला सांगायचे, आणि मीठ हवं तर स्वतः उठायचे. दोन आठवडे असे गेले. मग पाकिटं छापून आली आणि गटाने घरोघर दोन-दोन वाटली. नंदाबाईंनी एक फोडून तांदूळ डब्यात ओतायला घेतला. पाकिटावरून हौशीराम दात काढून हसत होता. आबांना ते बघवेना.

"चाळीस वर्सं संसार केला," ते एकदम फुटले, "आन हात वर केला तो त्येच्यासाठी!"

नंदाबाईंनी पाकीट झटकून शेवटचे दाणे डब्यात पाडले. मग त्यात मेथीची देठं आणि कांद्याची टरफलं भरली, वरून दाबली आणि पाकीट आबांच्या पुढ्यात धरलं.

"हे आता कुटं टाकू, सांगा."

"कुटं म्हंजी? कचऱ्यात."

"व्हय की न्हाई? पुन्या-मुंबईत घरोघर हेच व्हनार. तांदूळ डब्यात, आन पाकीट कचऱ्यात." नंदाबाईंनी पाकिटाचं तोंड मुडपलं. "भावजींचं तोंड जातंय तर जाऊ द्या. तुमचं म्या जाऊ दिलं नसतं."

आबांनी ते पाकीट तिच्या हातातून घेऊन स्वतःच कचऱ्यात टाकलं. मग त्यांनी दुसरं पाकीट तिच्या पुढे सरकवलं.

"हे बी फोड की."