माझ्या पोटातला दिवाणखाना

मी एक जुनी जीप आहे. अशा वेळी 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. तुमच्यापैकी कुणी मला कधी धक्का मारलेला नाही, हे माझ्या लक्षात आहे.

कारखान्यात मला चार चाकं, एक इंजिन आणि दोन दारं मिळाली. दारं नीट लागत नव्हती. ती आजही लागत नाहीत, आणि मला त्याचा कमीपणा वाटत नाही. माझ्या तळाच्या पत्र्याला मुद्दाम गोल भोकं ठेवलेली होती. ओढा ओलांडताना पाणी फटींतून आत यायचं आणि पलीकडे चढलं की भोकांतून आपलं आपण निघून जायचं. इतके समजूतदार पाहुणे मी नंतर पाहिले नाहीत.

मला घेतलं गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी. पुढे त्या बसायच्या, मागे औषधांची पेटी, दोरखंड आणि जो कुणी आजारी असेल तो. एकदा एक बोकड पुढच्या सीटवर बसून आला आणि येता येता त्याने सीट खाल्ली. बाईंनी उरलेल्या सीटवर पोतं टाकलं, झाली दुरुस्ती. संध्याकाळी त्या मला पाइपने आतून धुवायच्या. बाहेरून धुतल्याचं आठवत नाही. माझं कौतुक त्यांनी एकदाच केलं. ''चालते की,'' म्हणाल्या. मला ते पुरलं.

पुढे बाईंचे गुडघे गेले, काम सुटलं आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिले. माझ्यात कोंबड्या राहायला आल्या. त्यांची बुद्धी बेताचीच, पण त्यांनी माझ्यात काही सुधारणा केल्या नाहीत.

सुधारणा करायला बाईंचा जावई आला.

तो ऑफिसात काहीतरी करायचा. काय ते त्यालाही नीट सांगता येत नसे. त्याने माझ्यात डोकं घातलं, कोंबडी हाकलली आणि बायकोला म्हणाला, ''हिच्यात खूप क्षमता आहे.'' मित्रांनो, हा रांगायचा तेव्हा मी गाभण शेळ्या वाहत होते.

मग कुशनवाला आला. माझी पुढची पोत्याची सीट आणि मागची फळी गेली. त्यांच्या जागी पांढऱ्याशुभ्र कातड्याच्या दोन गाद्या आल्या, त्याही बटण दाबलं की गरम होणाऱ्या. बसल्याबसल्या भाजून घ्यायची हौस मी आधी कोणत्याच जनावरात पाहिली नव्हती. छताला चांदण्यांसारखे दिवे लागले. डॅशबोर्डवर स्क्रीन बसला आणि त्यात एक बाई राहायला आली. ती शांत आवाजात सगळ्यांना हुकूम सोडायची.

पांढरं कार्पेट चिकटवण्याआधी कुशनवाला थांबला. ''साहेब, खाली भोकं आहेत.''

''गंजली असेल. बुजवा.''

''गंजलेली नाही. भोकं गोल आहेत.''

''मग गोल बुजवा.''

त्याने गोल बुचं ठोकली आणि वर कार्पेट चिकटवलं. काम सुबक झालं. मूर्खपणा सुबक असला की लोक त्याचे फोटो काढतात. जावयाने खूप काढले.

डॉक्टरीणबाई काठी टेकत आल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, ''वासरू कुठे ठेवायचं?''

''आई, आता हिच्यातून वासरं न्यायची नाहीत. बसा ना. फक्त चपला काढा.''

बाई बसल्या नाहीत.

थंडी पडली. एका सकाळी ओढ्यापलीकडच्या गोठेवाल्याचा फोन आला. रात्री झालेलं वासरू उभं राहत नव्हतं, गाय जवळ घेत नव्हती. दवाखान्यातली नवी डॉक्टर वासराला घेऊन या म्हणत होती, आणि गोठेवाल्याच्या टेम्पोने ओढ्याचं पाणी बघून मान टाकली होती. बाईंनी गमबूट चढवले, औषधांची पेटी घेतली आणि माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

''चला, जावईबापू.''

जावयाने गमबुटांकडे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे. त्याने किल्ली काढली. त्याच्या हातून घडलेलं हे पहिलं शहाणपण.

ओढ्यात पाणी आत आलं. पलीकडे चढलो तरी ते आतच. पांढरं कार्पेट चहात बुडवलेल्या पावासारखं फुगलं. वरच्या चांदण्या लुकलुकू लागल्या.

''आई, हे पाणी जात का नाही?''

''कुठून जाईल?'' बाई म्हणाल्या.

गोठ्यातून गोठेवाल्याने वासरू उचलून आणलं. ओलं, थंडगार, डोळे अर्धे मिटलेले. बाईंनी त्याच्या तोंडात बोट घातलं. ''तोंडसुद्धा गार पडलंय. ऊब मिळाली नाही तर दवाखान्यापर्यंत टिकायचं नाही.''

जावई म्हणाला, ''आई, सीट गरम होते.''

मला ऐकून लाज वाटली. बाईंना वाटली नाही. त्यांनी वासरू पांढऱ्या गादीवर निजवलं आणि बटण जावयालाच दाबायला लावलं. गादी तापू लागली.

''पण वायर कार्पेटखालून आहे,'' तो म्हणाला. ''परत जाताना आणखी पाणी भरलं की बंद पडेल.''

बाईंनी पेटीतून सुरी काढून त्याच्यापुढे धरली.

त्याने ज्या गालिच्यावर सख्ख्या बायकोला चपला घालू दिल्या नव्हत्या, तो गुडघ्यांवर बसून टराटरा कापला. वायर उपसून गादीच्या पाठीला उंच बांधली. बुचं निघेनात, तेव्हा खालून दगडाने ठोकली. पाणी धो धो त्याच्याच अंगावर आलं. मी ते मुद्दाम केलं नाही, पण थांबवलंही नाही.

निघालो. ''कृपया मागच्या प्रवाशाने पट्टा बांधावा,'' स्क्रीनमधली बाई म्हणाली. मागच्या प्रवाशाने शेण टाकलं. ती तेच तेच सांगत राहिली, शेवटी जावयाने वासराला खरोखरच पट्टा बांधला. ओढ्याचं पाणी आलं तसं गेलं. गादी गरम राहिली. दवाखान्याच्या दारात वासराने मान उचलली आणि पांढरं कातडं चोखायला लागलं.

''जगेल,'' बाई म्हणाल्या. मग जावयाकडे बघून, ''गादी चांगली घेतलीत हो.''

भर थंडीत तो नखशिखांत चिखलात उभा होता आणि शाळेत पहिला आल्यासारखा हसत होता. माझं त्याच्याबद्दलचं मत फारसं बदललेलं नाही. पण हल्ली तो मला पाइपने आतून धुतो, आणि कोपरेसुद्धा सोडत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या दारात एखादी म्हातारी गाडी उभी असेल, तर तिला जरूर जपा. नवं काही बसवायचं असेल तर बसवा, आम्ही सोसू. फक्त त्याआधी एकदा तिच्यात बसून ओढा ओलांडा, आणि तिच्या अंगावरच्या प्रत्येक भोकाला विचारा की बाबा, तू कशासाठी आहेस. उत्तर मिळेपर्यंत बूच खिशात ठेवा.