ग्रहण मागून आलं

"दोन डोये! सर, दोन्ही हायेत न याले!" पंचफुला भिंगावरून मान वर करायला तयार नव्हती.

अमरावतीच्या कॉलेजात ती वलगावहून गावठी अंडी पोचवायची. कोंबडीचं पिल्लू कसं घडतं, ते गोवर्धन सर त्यांवरून शिकवत. आज तिनं हट्टानं आत पाहायला मागितलं. टरफल उघडलेल्या अंड्यात इवलासा जीव धडधडत होता.

"याले कोन सांगते सर, इथं डोया कर म्हून?"

"मेंदूचा एक कोंब कातडीपाशी येते," सर म्हणाले. "त्याच्यातून कायतरी पाझरते, कातडीतल्या पेशींले निरोप भेटते. मंग तिथं डोळ्याचं भिंग तयार होते. काय पाझरते, ते अजून कोनालेच पक्कं माईत नाही."

"अन् निरोप नाही भेटला तं?"

"तं डोया होत नाही नीट."

पंचफुला घुटमळली. "बाईनं गिरानात भाजी चिरली म्हून होते का असं?"

"नाही हो! मानसाचा डोया तं दुसऱ्या महिन्यातच घडाले लागते. कैक बायांले तवा दिवस गेल्याचंही माईत नसते."

पंचफुलानं भाजी चिरली, ते ग्रहण तिच्या सातव्या महिन्यात लागलं होतं.

तिची जाई जन्मली ती डोळ्यांविना. "तुह्या हाती पोरगी नोको," म्हणत नवऱ्यानं, देवमननं, तान्ही लेक अकोल्याला आपल्या बहिणीच्या पदरात टाकली. पुढे छप्पन साली घरातले देव गेले, बुद्धाची तसबीर आली. ग्रहण मात्र पंचफुलाच्या मनातून गेलं नाही. देवमन वारला, तरी लेकीसमोर उभं राहायला तिचा पाय उचलला नाही.

त्या दिवशी कॉलेजातून ती तशीच अकोल्याच्या एस.टी.त बसली.

नणंद, पार्बताबाई, बाजारात गेली होती. अंगणात एक तरुण मुलगी चाचपत सुतळीची बाज विणत होती.

"कोन हाये?"

"मी... वलगावची."

"माही माय तिथचीच होती. मी लहान होतो तवाच मेली, म्हन्ते आत्या; तिनं गिरान पाळलं नाही म्हून मी अशी. बस न मावशी, पानी आनतो."

वाटभर जुळवलेलं 'मीच तुही माय' पंचफुलानं ओठांवर येऊ दिलं नाही. आत्याला खोटं पाडून ही पोर जाणार कुठे? ती घोटाघोटानं पाणी प्यायली.

"तू ओयखत होती तिले?"

"हो. तिचा काही कसूर नवता, पोरी. गिरान तं मागून आलं. तुह्या डोयाचं त्याच्या कितीक आधी झालं होतं."

जाईनं बाजेची सुतळी चाचपली. मग हळूच म्हणाली, "जीव होता का तिचा माह्यावर?"

"लय."

जाईनं लोटा घ्यायला हात पुढे केला. पंचफुलानं तो जरा उशिरानंच दिला.