खाडीच्या अलीकडे

मायाप्पा सहलीला येतोय हे ऐकून गिरणीच्या सगळ्या चाळीला नवल वाटलं. चाळीतल्या तरुण मंडळानं कोकणात जायचं ठरवलं होतं, एका दिवसात समुद्राच्या काठाकाठानं पायी. आणि मायाप्पा हा असा माणूस, की नव्या पेठेतले गणपती बघायलासुद्धा त्याला दोघांनी दंडाला धरून न्यावं लागे. हा कसला चालतोय कोकणात, असं जो तो म्हणाला. पण वर्गणी सगळ्यात आधी त्याचीच आली.

मंडळाचा पुढारी रुद्रप्पा. तो हिमालयातल्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आला होता आणि तेव्हापासून चालणं म्हणजे काय ते आपल्यालाच कळतं, अशी त्याची समजूत झाली होती. हातात पिशव्या आणि डोक्यावर बोचकी चालणार नाहीत, प्रत्येकाच्या पाठीला सॅक पाहिजे, असा त्यानं हुकूम काढला. मग कुणी जुन्या बाजारातून लष्करी खाकी सॅक आणली, कुणी तरटालाच पट्टे शिवून घेतले. मायाप्पाची सॅक सगळ्यात फुगलेली. पोरांनी ती दाबून बघितली तर आत नवी कोरी चादर. समुद्रावर जाऊन झोपायचंय काय, म्हणून एसटीत रात्रभर त्यांनी त्याची फिरकी घेतली. मायाप्पानं सॅक मांडीवर ओढून घेतली. चादर कुणाला न्यायची होती, ते त्यानं सांगितलं नाही.

चादर फुलाबाईला होती. फुलाबाई त्याची पाठची बहीण. बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडच्या त्यांच्या माळावर मेंढरांना काडी उरली नाही, तेव्हा ती खडी फोडायच्या कामाला गेली आणि तिथल्या टोळीतल्या एका परजातीच्या पोराबरोबर निघून गेली. बापानं, येडूनं, सगळ्या घराला विहिरीवर नेऊन तिच्या नावानं आंघोळ घालायला लावली, माणूस मेल्यावर करतात तशी. त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं. जित्या पोरीला मारायला मात्र बापाला पाणी सापडलं, आणि ते सगळ्यांच्या डोक्यावर ओतलं मायाप्पानं. बाप म्हणाला ओत, यानं ओतलं.

बाप होता तोवर घरात फुलाचं नाव निघालं नाही. तो गेल्यावर आई बजाबाई सोलापूरला लेकाकडं चाळीत राहायला आली आणि तिनं एकच धोशा लावला. गावाकडच्या कुणीतरी सांगितलं होतं, की फुला कोकणात अमक्या खाडीच्या पलीकडं रस्त्याच्या कामावर आहे, टोळीच्या झोपड्या तिथंच आहेत. मंडळाच्या वाटेत नेमकी तीच खाडी आली तेव्हा बजाबाईनं लेकाला वर्गणी भरायला लावली. निघताना तिनं चादर सॅकमध्ये कोंबली आणि म्हणाली, "तिला म्हणावं, आमी तुला मेली म्हणलो, ते आमचं चुकलं. आई जित्ती हाय तवर एकडाव ये."

संक्रांतीनंतरचे दिवस, ऊन कोवळं. एसटीनं सकाळी त्यांना एका बंदराशी उतरवलं आणि संध्याकाळी खाडीजवळच्या सुरूच्या बनात घ्यायला येते असं ठरवून ती पुढं गेली. समुद्र दिसला तशी पोरं सॅकसकट धावत सुटली. सिद्धेश्वराच्या तळ्यापलीकडं ज्यांनी पाणी पाहिलं नव्हतं ती माणसं, त्यांनी काय करावं? एक टेकडी चढावी, की खाली पांढरी वाळू आणि निळंशार पाणी. ती उतरावी, की माडांची रांग आणि पुन्हा पाणी. रुद्रप्पानंसुद्धा हिमालयाचं नाव घेणं सोडलं. मायाप्पा सगळ्यांच्या मागून चालत होता. एवढं देखणं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, पण त्याचं निम्मं ध्यान आईच्या वाक्यात होतं. ते तो मनात घोळवत होता, आणि दर वेळी 'आमचं चुकलं'पाशी आला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता.

दुपारी खाडी आली. पाणी गुडघ्याएवढं. मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका लुगडी खोचून सरळ चालत पलीकडं जात होत्या. पलीकडं झोपड्या दिसत होत्या, डांबराचा धूर दिसत होता. चार पावलं टाकली असती तर मायाप्पा बहिणीच्या दारात उभा राहिला असता.

त्याला ती टाकवेनात. ज्या हातांनी तिच्या नावाचं पाणी ओतलं, ते हात घेऊन तिच्या दारात जायचं कसं? तिनं दार लावून घेतलं तर? त्यानं पलीकडं निघालेल्या एका कोळणीला गाठलं आणि तिच्याजवळ निरोप दिला, की रस्त्याच्या टोळीतल्या फुलाबाईला सांगा, तिचा भाऊ आलाय, अलीकडं बसलाय, तिनं बोलावलं तर येईल. कोळीण बरं म्हणाली आणि गेली. मायाप्पा वाळूत बसला. पोरांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली, त्यानंही चार घास गिळले. पाण्याची त्याला काही घाई वाटली नाही. त्याच्या माण नदीचं पाणी एकदा उतरलं की पुढच्या पावसापर्यंत उतरलेलंच. वर्षातले दहा महिने पोरं तिच्या वाळूत गोट्या खेळतात. पाणी म्हटलं की त्याला तेवढंच ठाऊक.

फुला झोपडीत नव्हती, लांब रस्त्यावर होती. निरोप पोचायला वेळ लागला. तेवढ्यात खाडी भरायला लागली. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग वाळूत ठेवलेली एक सॅक तरंगायला लागली आणि आरडाओरडा झाला. बघता बघता मघाचं गुडघाभर पाणी पुरुषभर झालं. भर थंडीत, ढगाचा ठिपका नसताना पाणी आलं कुठून, हे कुणाला कळेना. रुद्रप्पानं पाण्याकडं बघितलं आणि निर्वाळा दिला, की वर कुठल्या तरी धरणाचं पाणी सोडलं असणार. सगळ्यांना ते पटलं. विचारायला त्या भागातलं माणूस अलीकडं एकही नव्हतं.

आणि पलीकडं फुला आली. धावत आली, कडेवर लेकरू घेऊन. मायाप्पानं तिला चालीवरनं ओळखलं. तिनंही त्याला ओळखलं असणार, कारण पाण्याशी येऊन ती एकदम थांबली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मग ती ओरडायला लागली. वारा समुद्राकडून जोरात सुटला होता, एक अक्षर इकडं पोचेना. मायाप्पानंही बेंबीच्या देठापासून ओरडून आईचं वाक्य सांगितलं. तेही वाऱ्यानं नेलं. तो तसाच पाण्यात शिरला, छातीपर्यंत गेला, पाय सुटले. पोहणं त्याच्या बापजाद्यांना कधी लागलं नव्हतं. रुद्रप्पानं आणि आणखी एकानं त्याला सदऱ्याला धरून ओढून काढलं.

फुला पलीकडं हात हलवत होती. तळवा खाली करून, पुन्हा पुन्हा. मायाप्पाला वाटलं ती म्हणतेय, जा. पाण्यात येऊ नको, परत जा.

बनातून एसटीचा हॉर्न वाजायला लागला. रुद्रप्पा त्याला समजावत होता, की पुराचं पाणी दोन-चार दिवस हटत नाही, इथं थांबून उपाशी मरशील, आणि तू तर बदली कामगार, उद्या पाळीवर नसलास तर गिरणीत तुझ्या साच्यावर दुसरा उभा राहील. सगळं खरं वाटत होतं. मायाप्पानं चादर काढली, दोन्ही हातांनी वर धरून तिला दाखवली, आणि काठावरच्या एका सुरूला गुंडाळून बांधली. मग तो गेला. बनात शिरेपर्यंत तो मागं वळून बघत होता. फुलाचा हात तसाच हलत होता.

घरी आई दारातच बसली होती. भेटली का, तिनं विचारलं. भेटली म्हणाला. लेकरू आहे तिला, गोरंगोमटं आहे, चादर दिली. काय म्हणाली, तिनं विचारलं. मायाप्पाच्या तोंडून निघून गेलं, पाडव्याला येते म्हणाली.

बजाबाईनं पाडव्याची तयारी मांडली. मायाप्पाच्या जिवाला घोर लागला. शेवटी पाडव्याच्या तोंडावर रजा टाकून तो एकटाच निघाला, या खेपेला तिला घेऊनच यायचं, असं ठरवून.

खाडीवर पोचला तेव्हा पाणी गुडघ्याएवढं होतं. तो धावतच पलीकडं गेला. झोपड्यांच्या जागी नुसत्या चुली होत्या. रस्ता पुरा झाला होता. निरोप नेणारी कोळीण तिथंच मासळी वाळत घालत होती. तिनं त्याला ओळखलं. टोळी महिन्यापूर्वी उठली, कुणी म्हणतं गोव्याकडं गेली, कुणी म्हणतं कारवारला. ठावठिकाणा कुणाला ठाऊक नाही. मायाप्पानं विचारलं, त्या दिवशीचं पाणी मग उतरलं कधी?

कोळणीनं हातातली मासळी खाली ठेवली. पाणी रोज दोनदा चढतं, रोज दोनदा उतरतं, ती म्हणाली. तुझी बहीण तेच तर ओरडत होती, दादा थांब, रात्रीला पाणी उतरतंय. उतरलं तशी कंदील घेऊन, लेकरू घेऊन ती तुझ्या काठाला गेली. झाडाला बांधलेली चादर सोडून लेकराला पांघरली आणि उजाडेपर्यंत त्या सुरूखाली बसून राहिली, तू जवळपास असशील म्हणून. सकाळी परत आली तेव्हा एवढंच बोलली, "चादर ठिवून गेला, पर थांबला न्हाय."

मायाप्पा खाडीत उभा राहून रडला. लाज सोडून, मोठ्यानं रडला. मग पाणी वाढायला लागल्यावर अलीकडं आला.

पाडव्याच्या सकाळी तो चाळीचा जिना चढला. बजाबाई नवं लुगडं नेसून दारात उभी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही, त्याच्या मागं जिन्याकडं पाहिलं. या वेळी मायाप्पाला काही खोटं सुचलं नाही, आणि खरं तोंडातून निघेना. तो उंबऱ्याशी बसला.

"कडंवर लेकरू हाय न्हवं," आई त्याला समजावत म्हणाली. "जिना चढाय येळ लागतो की."